पुन्हां कामावर

एका कारागिराची कल्पना करा. वय पस्तीस-छत्तीस वर्षांचें. उमेदीचीं पंधरा वर्षें त्यानें कारखान्यांत लेथवर काढलीं आहेत. लोखंड कापलें जात असतांना जो आवाज निघतो त्यावरूनच हत्याराची धार राहिली आहे कीं गेली आहे, हें त्याला कळतें. एके दिवशीं पाळी संपावयास अर्धा तास उरलेला असतां त्याच्या सदऱ्याची बाही फिरत्या भागांत अडकते, आणि पुढच्या क्षणीं त्याचा उजवा हात मनगटापासून जातो. इस्पितळांतील दोन महिने कसेबसे सरतात. जखम भरून येते. डॉक्टरांचें काम संपतें. भरपाईचा हिशेब होतो व कांहीं रक्कम हातीं पडते. आप्तेष्ट येतात, हळहळतात, 'आतां विसावा घ्या' असें सांगून जातात. आणि मग एका सकाळीं, नेहमींच्या वेळीं कारखान्याचा भोंगा वाजला असतां, ओटीवर बसलेला हा मनुष्य स्वतःस विचारतो कीं, आज आपण जावयाचें कोठें?

आजच्या भाषणाचा विषय हा प्रश्न आहे. या मनुष्याचा हात गेला, ही गोष्ट खरी. परंतु त्याचें पंधरा वर्षांचें ज्ञान गेलेलें नाहीं. त्याचा कान, त्याची नजर, त्याचा अंदाज, वेळेवर उठून कामावर जाण्याची त्याची सवय, यांपैकीं कांहींहि गेलेलें नाहीं. मग त्याचें काम कां जावें? आपण सहज म्हणून जातों कीं, अपंगत्वामुळें काम गेलें. बारकाईनें पाहिलें तर असें दिसतें कीं, पुष्कळदां काम जातें तें इस्पितळाचें दार आणि कारखान्याचें दार यांच्यामधील वाटेवर. त्या वाटेवर त्याला कोणी भेटत नाहीं. डॉक्टर मागें राहिलेला असतो, मालक पुढें आलेला नसतो. मधल्या काळांत सवय मोडते, जागेवर दुसरा मनुष्य येतो, आणि स्वतःविषयींचा विश्वास ओसरत जातो. अपंग झालेल्या मनुष्यास पुन्हां कामावर आणण्याच्या ज्या सरकारी योजना निरनिराळ्या देशांत झाल्या, त्या म्हणजे ही वाट बांधून काढण्याचे प्रयत्न होत. ती कोठें बांधली गेली, कोठें खचली, आणि आपल्याकडे ती कोठपर्यंत आली आहे, हें आज आपणांस पाहावयाचें आहे.

'अपंग' हा शब्द मी येथें जुन्या रूढीनें वापरीत आहें. सरकारी कागदोपत्रीं आतां 'दिव्यांग' हा शब्द आला आहे, आणि महाराष्ट्र शासनानें २०२२ सालीं दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागहि स्थापन केला. शब्द कोणताहि असो, त्याच्यामागचा मनुष्य तोच आहे आणि त्याच्या भाकरीचा प्रश्नहि तोच आहे.

प्रथम भरपाईचा विचार करूं. कारण भरपाई मिळाली कीं प्रश्न मिटला, अशी पुष्कळांची समजूत असते. हिंदुस्थानांत १९२३ सालीं कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. कामावर असतांना अपघात झाला तर मालकानें भरपाई दिली पाहिजे, हें तत्त्व त्या कायद्यानें येथें रुजविलें. त्याला एक कोष्टक जोडलेलें होतें. शरीराच्या कोणत्या भागाची हानि झाली असतां कमाईची शक्ति शेंकडा किती घटली असें समजावें, हें त्यांत सांगितलेलें होतें. हें कोष्टक वेळोवेळीं सुधारण्यांत आलें. दोन्ही हात गेले तर शेंकडा १००, अंगठा गेला तर शेंकडा ३०, अशा धर्तीचा तो हिशेब आहे. आणि पुढें २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेंहि भरपाईचें हेंच तत्त्व स्वीकारलें. हा हिशेब नसता तर प्रत्येक जखमी कामगारास मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहावें लागलें असतें. म्हणून त्याचें महत्त्व कमी लेखण्याचें कारण नाहीं.

परंतु या हिशेबाची मर्यादाहि ओळखली पाहिजे. अंगठा गेलेला पहारेकरी आणि अंगठा गेलेला सोनार यांची हानि कोष्टकांत सारखी असली, तरी त्यांच्या आयुष्यांत ती सारखी नसते. शिवाय कोष्टक गेलेल्या अवयवाची किंमत ठरवितें. राहिलेल्या मनुष्याचें काय करावयाचें, याविषयीं तें मौन धारण करतें. एकरकमी पैसा घरांत येतो, त्यांतून जुनें कर्ज फिटतें, बहिणीचें लग्न होतें, आणि दोन वर्षांनीं तो मनुष्य ओटीवरच बसलेला दिसतो. १९४८ च्या कायद्यानें निर्माण झालेली कर्मचारी राज्य विमा योजना १९५२ च्या फेब्रुवारींत कानपूर व दिल्ली येथें प्रथम अमलांत आली. तिनें एक पाऊल पुढें टाकलें. कामावरील अपघातानें कायमचें अपंगत्व आलें तर विमेदार कामगारास एकदांच पैसे देऊन मोकळें न होतां नियमित रक्कम जन्मभर देण्याची व्यवस्था तिनें केली, आणि त्याला नवें काम शिकण्यास साहाय्य करण्याची तरतूदहि पुढें त्या योजनेंत आली. मनुष्याला पैसा द्यावयाचा कीं काम द्यावयाचें, हा प्रश्न वस्तुतः चुकीचा आहे. पैसा हा आधार आहे आणि काम हें स्थान आहे. मनुष्याला दोहोंचीहि गरज असते.

आतां ही पुन्हां कामावर आणण्याची कल्पना प्रथम कोठून आली तें पाहूं. ती आली युद्धांतून. पहिल्या महायुद्धांत इतके तरुण एकदम जायबंदी होऊन परतले कीं, त्यांना केवळ निवृत्तिवेतनावर बसविणें कोणत्याच राष्ट्राला परवडण्यासारखें नव्हतें, आणि शोभण्यासारखेंहि नव्हतें. अमेरिकेंत १९१८ सालीं जखमी सैनिकांना नवा व्यवसाय शिकविण्याचा कायदा झाला, व लगेच १९२० सालीं तोच विचार सामान्य नागरिकांना लागू करणारा दुसरा कायदा झाला. खाणींत किंवा रेल्वेंत पाय गमावलेला मनुष्य आणि रणांगणावर पाय गमावलेला मनुष्य यांची गरज एकच आहे, हें अवघ्या दोन वर्षांत मान्य झालें. १९४३ सालीं त्या योजनेचें क्षेत्र आणखी वाढवून वैद्यकीय उपचारांचा व मानसिक व्याधी असलेल्यांचाहि तींत समावेश करण्यांत आला.

या इतिहासांत आपल्या प्रांताचाहि वांटा आहे, आणि तो अमेरिकेच्या पहिल्या कायद्याहूनहि थोडा जुना आहे. १९१७ सालीं लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानें मुंबईंत जखमी हिंदी सैनिकांसाठीं क्वीन मेरी यांच्या नांवाची एक तंत्रशाळा निघाली. हात किंवा पाय गमावलेल्या शिपायाला एखादा हातव्यवसाय शिकवून स्वतःच्या पायांवर उभें करणें हा तिचा उद्देश होता. ही शाळा पुढें पुण्याजवळ खडकीस गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४४ सालीं, पुण्यासच सैनिकांसाठीं कृत्रिम अवयवांचें केंद्र निघालें. आणि कण्याला इजा होऊन ज्यांचें शरीर कमरेखालीं निकामी झालें अशा सैनिकांसाठीं १९७४ सालीं खडकी येथें स्वतंत्र पुनर्वसन केंद्र सुरू झालें. सांगली जिल्ह्यांतील श्री. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ सालीं जर्मनींत हायडेलबर्ग येथें झालेल्या अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धांत त्यांनीं पोहण्याचें सुवर्णपदक मिळविलें. हें पदक आतां सर्वांना ठाऊक झालें आहे. परंतु त्यांनीं पुण्याच्या टेल्को कारखान्यांत नोकरीहि केली, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. पदक एक दिवस गळ्यांत पडतें. नोकरी रोज सकाळीं मनुष्याला घराबाहेर काढते. आजच्या आपल्या विषयाच्या दृष्टीनें ती नोकरी अधिक महत्त्वाची आहे.

सरकारनें संबंध देशाच्या प्रमाणावर अशी योजना आंखली तर काय घडतें, याचें उत्तम उदाहरण इंग्लंडचें आहे. तेथें युद्ध चालू असतांनाच टॉमलिन्सन समितीनें १९४३ सालीं आपला अहवाल दिला आणि १९४४ सालीं अपंगांच्या नोकरीविषयींचा कायदा संमत झाला. त्या कायद्याचीं चार अंगें होतीं. अपंग उमेदवारांची एक नोंदवही ठेवण्यांत आली. रोजगार कचेऱ्यांतून अशा उमेदवारांकडेच लक्ष देणारे खास अधिकारी नेमण्यांत आले. वीस किंवा अधिक माणसें कामास ठेवणाऱ्या मालकानें शेंकडा ३ जागा नोंदलेल्या अपंगांस द्याव्या, असें बंधन घालण्यांत आलें. आणि ज्यांना उघड्या बाजारांत काम मिळणें अशक्य होतें, त्यांच्यासाठीं सरकारी साहाय्यानें चालणारे कारखाने काढण्याची तरतूद झाली. हे कारखाने चालविण्यासाठीं १९४५ सालीं स्थापन झालेली संस्था पुढें रेमप्लॉय या नांवानें प्रसिद्धीस आली. तिचा पहिला कारखाना १९४६ सालीं वेल्समधील ब्रिजएंड येथें, खाणींच्या मुलखांत, निघाला.

ही योजना उदार होती, परंतु तिच्यांत दोन दोष राहून गेले. ते आपणांस उपयोगाचे असल्यामुळें थोडें विस्तारानें सांगतों. पहिला दोष असा कीं, शेंकडा ३ चें बंधन कागदावर राहिलें. तें मोडणाऱ्या मालकांवर खटले झाले ते अगदीं मोजके. नोकरी नाकारणाऱ्याला भय वाटेना, आणि नोंदवहींत नांव घालण्यांत अपंगांनाहि लाभ दिसेना. त्यामुळें नोंदवही रोडावत गेली. अखेर १९९५ च्या भेदभावविरोधी कायद्यानें हें बंधन रद्द झालें. दुसरा दोष अधिक सूक्ष्म होता. सरकारनें दोन धंदे अपंगांसाठीं राखून ठेवले: एक, विजेच्या पाळण्यांतून माणसें वरखालीं नेण्याचा, आणि दुसरा, मोटारी उभ्या करण्याच्या जागेवर देखरेख करण्याचा. हेतु चांगला होता. परंतु त्यांतून समाजाला नकळत असें शिकविलें गेलें कीं, अपंग मनुष्याची योग्यता एवढीच. काल जो कुशल कारागीर होता त्याला आज पाळण्याच्या दाराशीं स्टुलावर बसविणें हें पुनर्वसन नव्हे. रेमप्लॉयच्या कारखान्यांविषयींहि असाच वाद झाला. कित्येकांना त्यांत मानाची भाकरी व सोबती मिळाले. कित्येक म्हणूं लागले कीं, अपंगांना वेगळ्या आवारांत ठेवण्यापेक्षां सर्वांबरोबर काम कां देऊं नये? ते कारखाने एकेक करून मिटले व शेवटचे २०१३ सालीं बंद झाले. तथापि ते मिटल्यावर तेथील सर्वच कामगार सुखानें दुसरीकडे सामावले असें मात्र झालें नाहीं. वेगळें आवार मोडावयाचें तर आधीं मोठ्या आवाराचें दार रुंद केलें पाहिजे, हा त्यांतला धडा आहे.

मग ही वाट बांधावी कशी? अनेक देशांच्या अनुभवांतून आतां कांहीं टप्पे बरेच निश्चित झाले आहेत. पहिला टप्पा वेळेचा. मनुष्य जितके दिवस कामापासून दूर राहील तितकें त्याचें परतणें कठीण होतें. म्हणून जर्मनींत २००४ पासून असा नियम आहे कीं, नोकर वर्षभरांत सहा आठवड्यांहून अधिक काळ आजारामुळें गैरहजर राहिला तर त्याच्याशीं विचारविनिमय करून तो परत कसा येईल याची योजना आंखण्याची तयारी मालकानें स्वतः दाखविली पाहिजे. तेथें परतणेंहि एकदम व्हावें लागत नाहीं. प्रथम दिवसाचे दोन-चार तास, मग अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस, अशा पायऱ्यांनीं मनुष्य कामावर येतो, आणि तोंवर त्याचा आजारपणाचा भत्ता चालू राहतो. निवृत्तिवेतनाच्या आधीं पुनर्वसन, हें त्या देशाचें सूत्रच होऊन बसलें आहे.

दुसरा टप्पा पारखण्याचा. काय गेलें याची यादी इस्पितळांत होते. काय राहिलें याची यादी कोणी तरी करावयास हवी. आपल्या देशांत हें काम करणारीं केंद्रें आहेत, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. अपंगांसाठीं पहिली खास रोजगार कचेरी १९५९ सालीं मुंबईंतच उघडली. १९६८ सालीं मुंबई व हैदराबाद येथें व्यवसाय पुनर्वसनाचीं पहिलीं केंद्रें निघालीं व पुढें इतर शहरांतहि तीं झालीं. आतां त्यांना दिव्यांगांचीं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्रें असें नांव आहे. तेथें उमेदवाराला प्रत्यक्ष निरनिराळीं कामें करावयास देऊन त्याची शक्ति, कल व गति पाहतात, जरूर तें शिक्षण देतात आणि नोकरी किंवा स्वतंत्र धंदा यांचा मार्ग दाखवितात. मुंबईस हाजी अली येथें १९५५ पासून चालत आलेली भौतिक चिकित्सा व पुनर्वसन यांची अखिल भारतीय संस्था या वैद्यकीय बाजूचें जुनें व मोठें ठिकाण आहे.

तिसरा टप्पा साधनांचा. साधन चांगलें म्हणजे महाग किंवा परदेशी नव्हे. तें कामाशीं जुळणारें हवें. याचें उत्कृष्ट उदाहरण जयपूरच्या पायाचें आहे. पूर्वीं पाय गमावलेल्यांना जो पाश्चात्य धर्तीचा कृत्रिम पाय मिळत असे, तो बुटांत घालण्यासाठीं केलेला होता. तो लवत नसे; उकिडवें बसतां येत नसे; चिखलपाण्यांत तो चालत नसे. कचेरींत खुर्चीवर बसणाऱ्याचें त्यावर भागलें असतें. भातखाचरांत उतरणाऱ्या शेतकऱ्याचें कसें भागावें? तो पाय शेतकरी घरीं खुंटीला टांगून ठेवी आणि कुबडी घेई. १९६८ च्या सुमारास जयपूरचे शस्त्रवैद्य डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनीं रबराचा असा पाय सिद्ध केला कीं, जो दिसण्यांत खऱ्या पावलासारखा, घोट्यांत लवणारा, अनवाणी वापरतां येणारा आणि पाण्याला न भिणारा होता. तो पाय घालून मनुष्य शेतांत उतरूं लागला, मांडी घालून पंगतीला बसूं लागला. उपकरण शोधतांना एकानें शरीर पाहिलें आणि दुसऱ्यानें आयुष्य पाहिलें, म्हणून हें घडलें. कचेरींतील कामालाहि हेंच लागू आहे. दृष्टि गेलेल्या कारकुनाच्या संगणकावर मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली बसविली कीं तो पुन्हां पत्रव्यवहार पाहूं लागतो. चाकांच्या खुर्चीवरील मनुष्याचें टेबल तळमजल्यावर आणलें, एका पायरीच्या जागीं उतार केला, तर त्याची नोकरी वांचते. नोकरी आणि मनुष्य यांच्यामध्यें कित्येकदां फक्त सहा इंचांची पायरी असते.

चौथा टप्पा भीति घालविण्याचा. ही भीति चमत्कारिक वाटेल, पण ती अगदीं व्यवहारी आहे. ज्याला अपंगत्वाबद्दल मासिक साहाय्य मिळतें, त्याच्या मनांत येतें कीं, आपण काम धरलें तर साहाय्य बंद होईल. आणि काम झेपलें नाहीं तर साहाय्यहि गेलें व कामहि गेलें अशी अवस्था होईल. म्हणून तो घरींच बसतो. त्याला आळशी म्हणणें हा अन्याय होय. तो केवळ हिशेबी आहे. अमेरिकेंत विम्याच्या पैशावर असलेल्या अपंग मनुष्यास नऊ महिने काम करून पाहण्याची मुभा असते व त्या अवधींत त्याचा पैसा बंद होत नाहीं. १९९९ च्या कायद्यानें परतण्याचा मार्ग आणखी सोपा केला. आपल्या कर्मचारी राज्य विमा योजनेंतहि कायमच्या अपंगत्वाची रक्कम मनुष्य पुन्हां कामावर गेला म्हणून थांबत नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. उलट, महाराष्ट्रांतील संजय गांधी निराधार अनुदान योजनेसारख्या साहाय्यांना उत्पन्नाची मर्यादा असते. गरिबांसाठीं ती मर्यादा असणें समजण्यासारखें आहे. परंतु पहिल्या पगाराबरोबर आधार काढून घेतला जाईल ही धास्ती असेपर्यंत पहिलें पाऊल जड राहणारच.

आतां मी त्या गोष्टीकडे येतों, जी आज ऐकणाऱ्यांपैकीं एखाद्याच्या घरीं कदाचित् याच महिन्यांत उपयोगी पडेल. समजा, सरकारी वाहतूक मंडळांतील एका चालकाची दृष्टि अधू झाली, किंवा नगरपालिकेच्या एका नोकराला पक्षाघात झाला. वैद्यकीय तपासणींत तो आपल्या कामास अपात्र ठरतो. वरिष्ठ सहानुभूतीनें सांगतात, 'आतां तुम्हांला हें काम जमणार नाहीं. स्वेच्छेनें निवृत्त व्हा.' तो सही करतो आणि घरीं येतो. अशा कित्येक सह्या केवळ अज्ञानानें झालेल्या आहेत. कारण कायदा याच्या अगदीं उलट सांगतो.

१९९५ च्या अपंग व्यक्ति कायद्यांत प्रथम असें कलम आलें कीं, नोकरींत असतांना ज्याला अपंगत्व आलें त्याला सरकारी आस्थापनेनें कामावरून काढूं नये व त्याचा दर्जाहि उतरवूं नये. एका सरकारी दलांतील शिपायाचा पाय कापावा लागला व त्याला सेवेंतून मोकळें करण्यांत आलें, तेव्हां तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. आणि २००३ सालीं न्यायालयानें त्या शिपायाच्या बाजूनें निर्णय देऊन हें कलम मालकाच्या मर्जीचें नसून बंधनकारक आहे असें स्पष्ट केलें. पुढें २०१६ चा दिव्यांग व्यक्ति हक्क कायदा आला. त्याच्या २० व्या कलमांत हेंच संरक्षण कायम आहे. नोकर आपल्या पूर्वीच्या पदाचें काम करूं शकत नसेल तर त्याला त्याच वेतनश्रेणींत व त्याच लाभांसह दुसऱ्या पदावर नेलें पाहिजे. तसें पद रिकामें नसेल तर त्याच्यासाठीं अधिसंख्य, म्हणजे जादा, पद निर्माण करून, योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचें वय होईपर्यंत, त्याला त्यावर ठेवलें पाहिजे. त्याच कलमांत नोकराला काम करतां यावें म्हणून योग्य त्या सोयी करून देण्याची जबाबदारीहि आस्थापनेवर टाकलेली आहे. कांहीं दलांतील लढाऊ स्वरूपाच्या पदांना सरकारनें यांतून सूट दिलेली आहे. ती सोडली तर सरकारी कचेऱ्या, स्थानिक संस्था आणि सरकारी मालकीचीं मंडळें या सर्वांना हें लागू आहे.

तेव्हां ज्याच्यावर असा प्रसंग येईल त्यानें तीन गोष्टी कराव्या. सरकारनें नेमलेल्या इस्पितळांतून अपंगत्वाचें प्रमाणपत्र मिळवावें. आपणांस दुसरें योग्य पद द्यावें, असा लेखी अर्ज २० व्या कलमाचा उल्लेख करून द्यावा आणि त्याची पोंच घ्यावी. आणि तिसरी गोष्ट, तीच पहिली म्हटली तरी चालेल: निवृत्तीच्या किंवा राजीनाम्याच्या कागदावर घाईनें सही करूं नये. दाद लागली नाहीं तर प्रत्येक सरकारी आस्थापनेंत तक्रार ऐकण्यासाठीं अधिकारी नेमण्याची तरतूद आहे, आणि राज्याचे दिव्यांग आयुक्तहि आहेत. महाराष्ट्रांत त्यांची कचेरी पुण्यास आहे. हें साहाय्य मागणें म्हणजे भीक मागणें नव्हे. कायद्यानें जें आपलें आहे तें मागण्यांत संकोच कसला?

मात्र या वाटेचा मोठा भाग अजून बांधावयाचा राहिला आहे, हें सांगितलें नाहीं तर मी श्रोत्यांची फसवणूक केली असें होईल. नोकरी टिकविण्याचें हें संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतें आहे. खासगी मालकानें समान संधीचें धोरण जाहीर करावें असें कायदा म्हणतो, त्याला उत्तेजन देण्याविषयींहि सांगतो. पण अपघातानंतर त्याच कामगाराला दुसऱ्या कामावर घेतलेंच पाहिजे, अशी तितकी भक्कम सक्ति तेथें नाहीं. आणि आपल्या देशांतील बहुसंख्य माणसें तर सरकारी नोकरहि नाहींत व मोठ्या कारखान्यांतहि नाहींत. मळणीयंत्रांत हात गेलेला शेतमजूर, परांचीवरून पडून कणा दुखावलेला गवंडी, यांना मालकच ठाऊक नसतो. रोजचा मुकादम निराळा. त्यांच्यासाठीं १९९७ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय अपंग वित्त व विकास महामंडळाकडून स्वतंत्र धंद्याकरितां सवलतीचें कर्ज मिळण्याची सोय आहे. पण कर्ज घेण्यासाठीं आधीं धंदा सुचावा लागतो, आणि धंदा सुचण्यासाठीं कोणीतरी जवळ बसून 'तुला काय येतें?' असें विचारावें लागतें. तालुक्याच्या इस्पितळांतून घरीं जाणाऱ्या प्रत्येक जायबंदी मजुराला असें विचारणारा एक मनुष्य भेटेल, ज्या दिवशीं हें होईल त्या दिवशीं ही वाट खरोखर गांवापर्यंत पोंचली असें म्हणतां येईल.

सरकारनें काय करावें हें झालें. परंतु वाटेचा शेवटचा तुकडा सरकारला बांधतां येत नाहीं. तो सहकाऱ्यांनीं व घरच्यांनीं बांधावयाचा असतो. परत आलेल्या मनुष्याला सगळे जपूं लागतात, त्याच्या हातांतील फाईल काढून घेतात, अवघड काम दुसऱ्याला देतात. कांहीं दिवसांनीं तो उपस्थित असतो, पण कामांत नसतो. दया ही चांगली गोष्ट आहे. पण तिनें मनुष्याची जागा बळकावूं नये. परत आलेल्याकडून काम घ्या, चुकलें तर सांगा, चांगलें झालें तर इतरांइतकीच शाबासकी द्या.

आपण आरंभीं ज्या कारागिराची कल्पना केली त्याच्याकडे शेवटीं एकदां वळूं. त्याचा उजवा हात परत येणार नाहीं. परंतु तयार झालेला माल मापून पाहण्याचें काम डाव्या हातानें होऊं शकतें. नव्या उमेदवारांना लेथवर उभें करून, कान देऊन ऐक, असें सांगण्याचें काम तर त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास साधणार? त्यासाठीं त्याला शिक्षण लागेल, एखादें साधन लागेल, कांहीं आठवडे अर्ध्या दिवसाचें काम लागेल, आणि पडल्यास पुन्हां उभें राहण्याइतका पैशाचा आधार लागेल. यांतील एकहि गोष्ट अशक्य कोटींतील नाहीं. त्याला भेटावयास जाणाऱ्यांनीं मात्र 'आतां विसावा घ्या' असें म्हणूं नये. कारखान्यांतून कोणीतरी जावें, जखम कशी आहे तें विचारावें, आणि निघतांना म्हणावें, 'तर मग केव्हांपासून येतां?'